रामरक्षा येते, पाणी मागता येत नाही

देशातील विज्ञानवार्तांत अवकाशयानांना आणि लसींना हक्काची जागा असते; वृद्धाश्रमातील वाचोपचार तेथे क्वचितच पोहोचतो. म्हणून ही नोंद.

वाराणसीच्या ब्रह्मघाट, दुर्गाघाट परिसरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. माझी आत्या अशाच एका घरातली. पक्षाघातानंतर ती तेथील एका वृद्धाश्रमात राहते. रामरक्षा ती न अडखळता म्हणते; तहान लागली की 'पाणी' हा शब्द मात्र तिला सापडत नाही. 'सब आता है इन्हें, बोलना नहीं चाहतीं,' असा तेथील सेविकांचा समज झाला होता. काशीतल्या वृद्धाचे मौन कुणाला हट्ट वाटते, कुणाला वैराग्य. आत्याच्या मौनाचे वैद्यकीय नाव आहे वाचाघात.

पाठ असलेले स्तोत्र, वारांची नावे, अंकांची उजळणी ही सवयीची वाणी. मनातले नव्याने शब्दांत मांडणे हे मेंदूचे निराळे काम. डाव्या गोलार्धातील इजेने हे दुसरे काम ढासळते, पहिले पुष्कळदा शाबूत राहते. गाता येते पण बोलता येत नाही, अशा रुग्णांसाठी सुरावटीतून बोलते करण्याची पद्धत १९७३ साली अमेरिकेत मांडली गेली.

पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्याच्यावरून वाणीचे केंद्र दाखवले, तो लबॉर्न्यदेखील बिसेत्र रुग्णालयाचा दीर्घकाळचा रहिवासी होता. तोंडून एकच अक्षर निघे: 'तां'. येथे किती वर्षे झाली, असे विचारताच त्याने डावा पंजा चारदा उघडला आणि मग एक बोट वर केले. एकवीस वर्षे! हिशेब अचूक होता.

उपचारांनी संवाद सुधारतो, हे ५७ चाचण्यांच्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यातून दिसते. प्रश्न भाषेचा उरतो. आत्याची पहिली तपासणी हिंदीत झाली आणि निष्कर्ष निघाला, 'आकलन कमी'. मराठी वाचोपचारतज्ज्ञाने व्हिडिओ कॉलवर विचारले, तेव्हा तिने खिडकी, चष्मा, तांब्या अचूक दाखवले. बहुभाषिकांत बहुधा अधिक सरावाची भाषा आधी सावरते, असे पित्र यांनी १८९५ मध्येच नोंदवले होते. आता सेविका होय-नाहीचे प्रश्न विचारतात, चित्रे पुढे ठेवतात आणि उत्तरासाठी थांबतात. त्या थांबण्यानेच पुष्कळ साधले आहे.

हाच तज्ज्ञ गिळण्याचीही तपासणी करतो. पातळ द्रव श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. श्रद्धेने दिलेली गंगाजळाची पळीही त्याला अपवाद नाही.

आपले माणूस वृद्धाश्रमात असेल, तर औषधांच्या यादीबरोबर दोन प्रश्न अवश्य विचारा. वाचोपचारतज्ज्ञ येतो का? आणि तपासणी कोणत्या भाषेत झाली?