टोचणी

परगावी निघालेल्या माणसाची तयारी आपल्याकडे स्वयंपाकघरात सुरू होते. चिवडा, मेतकूट, लोणच्याची बरणी! शरीरालाही काही शिदोरी द्यावी लागते, हे कोणाच्या गावीही नसते. माझी सहासष्ट वर्षांची मावशी लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी युगांडात, कंपालाला निघाली, तेव्हा तिच्या यादीत डिंकाचे लाडू होते, अळीव होते, बाळंतशोपा होत्या. लस नव्हती.

"मावशी, पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला लागेल तुला," मी म्हणालो.

"पण मला कुठे ज्वर आलाय?"

प्रश्न भोळा खरा, पण आपल्या सर्वांच्या मनातला. पीतज्वर हा आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला रोग. आपल्या देशात त्याने अद्याप पाऊल टाकलेले नाही. मात्र तो पसरवणारा एडिस डास आपल्या कुंड्यांत नि पिंपांत सुखाने नांदतो आहे. डेंग्यू देतो तोच हा. म्हणजे सरपण रचून तयार आहे, ठिणगी तेवढी यायची आहे! म्हणून तर त्या प्रदेशातून दाखल्यावाचून परतणाऱ्याला आपले सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. त्यासाठी सरकारमान्य केंद्र गाठावे लागते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आजी, अंड्याचं वावडं आहे का?"

"आमच्या घरात अंडं येतच नाही," मावशी ताठ मानेने म्हणाली.

लशीतले विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवलेले असतात, हे बाईंनी समजावून सांगितले. मावशी क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "असू दे. औषधाला सोवळं नसतं."

खरी अडचण पुढेच होती. मॅक्स थायलर यांनी १९३७ साली सिद्ध केलेली आणि त्यांना १९५१चे नोबेल पारितोषिक मिळवून देणारी ही लस मोठी गुणाची. एकदा टोचली की २०१६पासून तिचा दाखला जन्मभर चालतो. पण तिच्यातले विषाणू दुबळे केलेले असले तरी जिवंत असतात. आणि साठीनंतर प्रथमच ती घेणाऱ्याला, क्वचित का होईना, गंभीर त्रास होऊ शकतो. बाईंनी हे लपवले नाही. "घाई करू नका, विचार करून या," असे म्हणून त्यांनी आम्हांला परत पाठवले.

तिकडून लेकीचा फोन आला, "आई, नको येऊस गं. आम्ही करू कसंतरी." त्या 'कसंतरी'ने मावशीला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दंडावरचे देवीचे वण मला दाखवले. "ह्या टोचल्या तेव्हा मी आकांत केला होता म्हणे. आईने घट्ट धरून ठेवलं होतं मला. आता माझ्या लेकीला धरायला कोण आहे तिथे?"

मी नकळत माझ्या दंडाकडे पाहिले. तिथे तसला वण नाही. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मावशीच्या पिढीने तो वण सोसला, म्हणून माझा दंड कोरा राहिला. लस टोचते एकाला आणि राखते भलत्याच कोणाला तरी!

मावशीने लस घेतली. एक दिवस अंग कसकसले, एवढेच. हिवतापाच्या गोळ्याही मिळाल्या. त्या निघण्याआधी सुरू करून परतल्यावरही काही काळ घ्यायच्या. यादीत मच्छरदाणीची भर पडली.

तेव्हा वाचकहो, तिकीट काढाल त्याच आठवड्यात डॉक्टरांची पायरी चढा. पीतज्वराचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. लाडू काय, निघायच्या आदल्या रात्रीही वळता येतात. दहा दिवस मात्र एका रात्रीत उलटत नाहीत.