वाढत्या मापाची सायकल

आमच्या घरात सगळं वाढत्या मापाचं घ्यायची पद्धत आहे. शाळेचा युनिफॉर्म, रेनकोट, सँडल, स्वेटर... "पोरं काय आज आहेत तेवढीच राहणार आहेत का?" हा प्रश्न माझ्या आईने विचारला, सासूबाईंनी विचारला आणि आता मीही विचारते. पहिल्या वर्षी फ्रॉकमध्ये पोर शोधावी लागते, दुसऱ्या वर्षी तो बरोब्बर बसतो आणि तिसऱ्या वर्षी त्याचं पुसणं होतं. हिशेब चोख!

तर त्याच हिशेबाने गेल्या दिवाळीत लेकीला सायकल घेतली.

ती तेव्हा नऊ वर्षांची. रविवारी सकाळी आम्ही दोघी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. तिथे मुरमाच्या वाटेवरून खडखडत जाणाऱ्या सायकली बघून तिने धोशा लावला, "आई, आपण पण सायकलवर येऊ या ना." यातल्या 'आपण'ने मी विरघळले. आणखी चार वर्षांनी ती मला बरोबर ने म्हणेल का, देव जाणे. म्हटलं, विचारतेय तोवर जाऊन घ्यावं.

दुकानातून जी आणली ती २६ इंची चाकांची, पुढे शॉकअप, मागे शॉकअप, लांबून मोटरसायकलच वाटावी अशी. दुकानदार म्हणाला, "कॉलेजला जाईपर्यंत बघायला नको." झालं! माझ्या कानांना एवढंच ऐकायचं होतं. सीट पार खाली करूनही तिचे फक्त चवडे टेकत होते. मी म्हटलं, वर्षभरात टाच टेकेल. मी नाही का बाबांच्या काळ्या २४ इंची सायकलवर नळीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत शिकले? तेव्हा कुठे कोणी मापं काढत बसलं होतं?

(आई, तू हे वाचत असशील तर पुढचा परिच्छेद सोडून दे. तुला फोनवर फक्त "जरा खरचटलंय" एवढंच सांगितलं होतं.)

एआरएआयच्या बाजूने वर गेलो. ती तिच्या नव्या सायकलवर, मी नवऱ्याच्या सायकलवर. सपाटीला मजेत चालली होती. मग एक उतार लागला. फार नाही, पण वर सुटा मुरूम, ज्याला ट्रेकवाले घसारा म्हणतात तसा. मी पुढे होते. (ही आणखी एक चूक.) मागून आवाज आला, "आई, थांबत नाहीये!" आणि मग धप्पकन. मनगटाला बारीकशी चीर गेली, तीन आठवडे प्लास्टर. कोपर सोलवटलं ते वेगळंच.

प्लास्टर निघालं. सायकल जिन्याखाली तशीच उभी. "जायचं का टेकडीवर?" म्हटलं की "अभ्यास आहे", नाहीतर "पाय दुखतोय". आता तिसरीतल्या मुलीला कसला आलाय एवढा अभ्यास! मी फार मागे लागले नाही. पण एका दुपारी ती आजीला सांगत असलेलं कानावर पडलं, "आजी, मला सायकल येतच नाही नीट. आईने एवढी महागाची आणली आणि मी पडले."

मला एकदम कसंतरीच झालं. पडल्याचं दुःख मला होतंच, पण पडण्याचा दोष तिने गुपचूप स्वतःच्या खात्यावर मांडून टाकला होता आणि मला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सायकल आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली, लेकीला घेऊन. त्यांनी आधी तिला सायकलच्या नळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायला सांगितलं. राहता येईना. मग म्हणाले, "ब्रेक दाब बघू." तिची बोटं लिव्हरला जेमतेम टोकाने लागत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, हिला ब्रेकच पुरत नाहीये. थांबणार कशी?"

घरी येऊन मी सायकल हातात धरून वजनकाट्यावर उभी राहिले. सायकल भरली १७ किलो. लेक २८ किलोची. मी ६० किलोची आहे, म्हणजे त्या हिशेबाने मला ३६ किलोची सायकल दिल्यासारखं झालं! बाबांच्या काळ्या सायकलची माझी फुशारकी तिथेच संपली. ती मी डेक्कनच्या सपाट गल्लीत शिकले होते, घसाऱ्यावर नाही.

त्या रात्री तिला जवळ घेऊन सांगितलं, "तू पडलीस ते तुला येत नाही म्हणून नाही. मी तुला चुकीच्या मापाची सायकल दिली म्हणून." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुझी चूक?" म्हटलं, "हो, माझी." एवढ्या समाधानाने झोपलेलं तिला मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं :)

मग मात्र रीतसर अभ्यास केला. वाचताना एक गंमत कळली. डोंगरातल्या सायकलिंगची एक सुरुवात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत झाली. १९७६ साली तिथल्या काही मंडळींनी जुन्या, जाड टायरच्या, बोजड सायकली घेऊन एका मातीच्या उतारावर शर्यती लावल्या. त्या सायकलींना पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक असे. उतरता उतरता तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी खोलून नवं भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझने खास डोंगरासाठी सायकल बनवली. म्हणजे बघा, शर्यत वेगाची, पण नाव मिळालं ब्रेकमुळे! मी मात्र दुकानात शॉकअप मोजत बसले होते.

या वेळी घेतली ती २४ इंची चाकांची, अॅल्युमिनियमची, साडेबारा किलोची. दुकानात पहिलं काम तिला नळीवर उभं करणं. दोन्ही तळवे जमिनीवर आणि वर दोन बोटं जागा सुटली. मागे शॉकअप नाही. स्वस्त सायकलीतला मागचा शॉकअप वजन वाढवतो आणि चढावर पायडल मारलेली ताकद खातो. पुढेही साधा, न दबणारा फोर्क. अठ्ठावीस किलोच्या पोरीने स्वस्तातली स्प्रिंग दबत नाहीच, मग ते ओझं कशाला? त्यापेक्षा दोन इंच रुंद टायर आणि त्यात जरा कमी हवा. टायरच्या कडेवर किती ते छापलेलं असतं, त्यातल्या खालच्या आकड्याच्या आसपास. खडीवर पकड येते आणि दणकेही कमी बसतात. पुढे एकच चक्र, सगळे गिअर मागे, म्हणजे डावा-उजवा गोंधळ नाही. आणि ब्रेकच्या लिव्हरला एक छोटासा स्क्रू असतो. तो पिळला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. हा स्क्रू मोठ्या सायकलीलाही होता. कोणी पिळलाच नव्हता!

माझ्यासाठी साधी हार्डटेल घेतली, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली. माझ्या मापाची. नवऱ्याच्या सायकलवर मीही चवड्यांवरच उभी राहत होते, हे तेव्हा लक्षात आलं. दोघींना हेल्मेट. जुनी सायकल निम्म्या किमतीत एका उंच मुलाला गेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वर्षा-दीड वर्षात लहान होईल ही तिला." म्हटलं, "होऊ दे. साताऱ्याची भाची आहेच रांगेत."

टेकडीवर लगेच गेलो नाही. दोन रविवार सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानात फक्त थांबायला शिकलो. दोघी. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायचे, पुढचा एकदम आवळायचा नाही. उतारावर सीट खाली, बूड सीटवरून उचललेलं, दोन्ही पायडलं एका पातळीत, आणि नजर दगडावर नाही तर जिथे जायचंय तिथे. दगडाकडे पाहिलं की सायकल इमानाने दगडाकडेच जाते, हे मी स्वतः सिद्ध करून दाखवलं. लेक इतकी हसली, की त्या गुडघ्याचं मला काही वाटलं नाही.

नियम दोनच केले. चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची. आणि भीती वाटली तर उतरून चालायचं, त्याला हरणं म्हणायचं नाही.

मागच्या रविवारी पुन्हा वर गेलो. या वेळी ती पुढे, मी मागे. गिरिपुष्पाच्या झाडांमधून वाट गेली, कुठेतरी मोर ओरडला, आणि तोच उतार आला. मी मागून काही बोलणार नाही असं मनाशी ठरवलं होतं. जीभ अक्षरशः दाताखाली धरली.

ती उताराच्या तोंडाशी पोचली. ब्रेक दाबले. सायकल थांबली. दोन्ही पाय टेकले, टाचांसकट. मिनिटभर खाली बघत उभी राहिली. मग उतरली आणि सायकल हाताने धरून, मुरमातून घसरत, खाली चालत गेली.

खाली पोचल्यावर वळून मला ओरडून म्हणाली, "आई, पाहिलंस? थांबली!"

पाहिलं ना बाळा.

(मीही उतरूनच चालत गेले. दोन नंबरचा नियम आयांनाही लागू आहे.)