गळ्यात दीड किलो, हातात बारा फोटो

स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात योटाप्लात्सेन नावाचा चौक आहे. मध्यभागी पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा उंच पुतळा, पायाशी कारंजे आणि मागे पायऱ्या चढून गेले की शहराचे कलासंग्रहालय. कार्ल मिलेस या शिल्पकाराचा हा पुतळा १९३१ पासून येथे उभा आहे. दिवसभर पर्यटक येतात, मोबाइल वर करतात, टिचकी मारतात आणि ट्राम पकडून निघून जातात. पण याच चौकात अधूनमधून एखादा वेगळाच माणूस दिसतो. त्याच्या गळ्यात जाड पट्टा असतो, पट्ट्याला चौकोनी डब्यासारखे काहीतरी लटकलेले असते आणि तो पुतळ्याकडे न पाहता मान खाली घालून त्या डब्यात डोकावत असतो, विहिरीत पाणी किती आहे ते पाहावे तसा. पाचदहा मिनिटे जातात. एखादा ढग सूर्यावरून सरकतो. मग दार लोटल्यासारखा ‘थप्प’ आवाज होतो. फोटो निघालेला असतो.

हा डबा म्हणजे हॅसलब्लाड कॅमेरा, आणि तो जन्मला याच शहरात.

स्वीडनला जाणारे भारतीय पर्यटक बहुतेक स्टॉकहोम पाहून परततात. तेथून आगगाडीने सुमारे तीन तासांवर, पश्चिम किनाऱ्यावर, योटा नदीच्या मुखाशी गोथेनबर्ग आहे. स्थानिक लोक त्याला ‘योतेबोरी’ म्हणतात. १६२१ साली राजा दुसरा गुस्ताव अडोल्फ याने ते वसवले आणि आखणीसाठी डच माणसे आणली. म्हणूनच शहराच्या पोटातून कालवे फिरतात. या कालव्यांतून पर्यटकांना फिरवणाऱ्या बसक्या होड्या आहेत. एक पूल तर इतका बुटका आहे की त्याखालून जाताना सगळ्यांना होडीत अक्षरशः खाली वाकावे लागते. अठराव्या शतकात स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे येथून चीनला जात आणि चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी भरून परत येत. त्या कंपनीच्या भव्य इमारतीत आता शहराचे संग्रहालय आहे. पुढे १९०७ मध्ये येथे बॉलबेअरिंगचा मोठा कारखाना निघाला आणि १९२७ मध्ये व्होल्वोची पहिली मोटार येथूनच बाहेर पडली. थोडक्यात, हे व्यापाऱ्यांचे आणि लोखंडाशी खेळणाऱ्यांचे गाव.

हॅसलब्लाड कुटुंबही व्यापारीच. त्यांची पेढी १८४१ ची. घरातील एकाला फोटोग्राफीचा छंद लागला आणि पेढी परदेशी कॅमेरे, फिल्म विकू लागली. यात पैसा फारसा मिळणार नाही, पण निदान आपले फोटो तरी फुकटात निघतील, असे तो म्हणाला होता म्हणतात. त्याचा नातू व्हिक्टर १९०६ मध्ये जन्मला. व्हिक्टरला वेड होते पक्ष्यांचे. १९३५ मध्ये त्याने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर स्वतःच्या फोटोंचे पुस्तकही काढले. दलदलीत तासन्तास बसून उडत्या पक्ष्याचा फोटो घेताना त्या काळचे कॅमेरे किती अपुरे पडतात, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ होते. त्यांच्या हाती एक जर्मन हवाई कॅमेरा लागला. १९४० मध्ये हवाई दलाने व्हिक्टरला विचारले, असा कॅमेरा बनवता येईल का? असा नाही, याहून चांगला बनवता येईल, असे उत्तर त्याने दिल्याची गोष्ट या शहरात अजून सांगतात. शहरातील एका मोटार-दुरुस्तीच्या शेडमध्ये, भंगाराच्या आवाराशेजारी, एका हुशार मेकॅनिकला हाताशी धरून काम सुरू झाले. युद्ध संपल्यावर साध्या नागरिकांसाठी कॅमेरा करायचे ठरले. त्याला रूप दिले सिक्स्टेन सासोन याने, जो साब मोटारींचाही आरेखनकार होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला तो कॅमेरा जगापुढे आला.

आणि बिघडू लागला. एका सेकंदाच्या सोळाशेव्या भागात उघडझाप करणारा त्याचा पातळ धातूचा पडदा फार नाजूक होता. कल्पना उत्तम, पण यंत्र दमदार नाही, अशी अवस्था काही वर्षे चालली. अखेर १९५७ मध्ये पडद्याचा हट्ट सोडून शटर लेन्सच्या आतच बसवले गेले आणि ५००सी हे मॉडेल निघाले. वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत उतरला, पण भरवसा आला. ‘जगात सर्वांत वेगवान’ हे बिरुद सोडून ‘बंद न पडणारा’ होणे हा या कॅमेऱ्याच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणायला हवा.

हा कॅमेरा बाळगणे म्हणजे एक वेगळा संसारच आहे. मुख्य पेटी, पुढे लेन्स, मागे फिल्मचा डबा, वर पाहण्याचे झाकण, असे त्याचे चार तुकडे होतात. सगळे जोडले की वजन दीड किलोच्या आसपास. बाजारातून आणलेली बटाट्याची पिशवी दिवसभर गळ्यात घेऊन हिंडावे तसे. दुसरी लेन्स, प्रकाशमापक आणि तिपाई घेतली की खांदे संध्याकाळपर्यंत तक्रार करू लागतात. तिपाई हॉटेलात ठेवून निघालेला माणूस हमखास पस्तावतो, हेही तितकेच खरे.

वजनाचा मोबदला निगेटिव्हमध्ये मिळतो. पस्तीस मिलिमीटरच्या नेहमीच्या फिल्मवरचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे. येथे ते सुमारे ५६ मिलिमीटर बाजूचा चौरस असते, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक. मोठी प्रत काढली तरी फेट्याची घडी, दगडावरचे शेवाळ, म्हातारीच्या हातावरच्या शिरा विरून जात नाहीत. मात्र १२० क्रमांकाच्या एका रोलवर असे फोटो येतात फक्त बारा.

वापरायचे शास्त्रही नवख्याला घाम फोडणारे आहे. काचेवरचे चित्र उजवे-डावे उलटे दिसते. ट्राम डावीकडून आली की काचेत ती उजवीकडून येते, आणि तिच्या मागोमाग कॅमेरा फिरवावा तर ती चौकटीतून पळून जाते. फोटो घेतला की आतला आरसा वरच राहतो आणि काच काळी पडते. हँडल एक फेरा फिरवल्यावरच जग पुन्हा दिसू लागते. फिल्मच्या डब्यात एक पातळ पत्रा सरकवलेला असतो. तो काढल्याशिवाय शटर चालत नाही आणि पुन्हा घातल्याशिवाय डबा सुटत नाही. लेन्स व पेटी दोन्हींची चावी भरलेली नसताना त्या जोडायचा प्रयत्न केला तर यंत्र अडून बसते, मग बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मनधरणी करावी लागते. ढगाळ गोथेनबर्गमध्ये प्रकाश मोजेपर्यंत पावसाची सर येते. तेव्हा छत्री धरायला सोबत कोणीतरी समजूतदार हवे.

इतक्या अडचणींचे हे यंत्र चंद्रावर गेले, ही गंमतच. १९६२ मध्ये वॉल्टर शिरा या अमेरिकन अंतराळवीराने ह्यूस्टनच्या एका दुकानातून ५००सी विकत घेतला. चकाकी नको म्हणून तो काळा रंगवून घेतला गेला आणि ३ ऑक्टोबरच्या उड्डाणात सोबत गेला. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून बिल अँडर्सने चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी निळी पृथ्वी टिपली, तीही हॅसलब्लाडवरच. पुढच्या वर्षी नील आर्मस्ट्राँगच्या छातीवर याचे रुपेरी रूप बसवलेले होते. कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याच ताब्यात असल्यामुळे चंद्रावरचे प्रसिद्ध फोटो बझ ऑल्ड्रिनचे आहेत. पहिला मानव मात्र ऑल्ड्रिनच्या शिरस्त्राणाच्या काचेतले छोटेसे प्रतिबिंब होऊन राहिला. घरोघरी सहलीचे फोटो काढणाऱ्या वडिलांची हीच कथा असते!

परतताना प्रश्न आला वजनाचा. चंद्रावरचे दगड आणायचे तर काहीतरी टाकायला हवे. म्हणून फिल्मचे डबे तेवढे काढून घेतले गेले आणि कॅमेरे, लेन्ससकट, तेथेच राहिले. अपोलो मोहिमांचे मिळून असे बारा कॅमेरे चंद्राच्या धुळीत पडून आहेत असे सांगतात. एका रोलवर फोटो बारा आणि चंद्रावर कॅमेरेही बारा!

व्हिक्टर १९७८ मध्ये वारला. त्याला व पत्नी एर्नाला मूलबाळ नव्हते. त्यांच्या संपत्तीतून १९७९ मध्ये संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षापासून फोटोग्राफीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. २०२२ मध्ये तो दिल्लीच्या दयानिता सिंह यांना मिळाला. दक्षिण आशियातील हा पहिलाच मान. अनेक वर्षे त्यांनी हाच चौकोनी कॅमेरा पोटाशी धरून काम केले. कचेऱ्यांमधील फायलींचे ढीग, रिकाम्या खुर्च्या, घरांचे दिवाणखाने असे रोज दिसणारे पण कोणी न पाहिलेले विषय त्यांनी कृष्णधवल चौकोनात मांडले.

मराठी घरांनाही हा चौकोन परका नाही. तालुक्याच्या गावातील स्टुडिओवाले लग्नात दोन लेन्सचा, वरून डोकावण्याचा कॅमेरा घेऊन येत. रोल हाच, १२० चा. बारा फोटोंत सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळे बसवायचे असे. अंतरपाट दूर होताना खटका एकदाच दाबला जाई आणि तेवढ्यात वधूने डोळे मिटले तर ते कायमचे मिटलेलेच राहत. काळ्या जाड पानांचे, मध्ये बटर पेपर असलेले ते अल्बम अजून जपले जातात. पण पाकिटातील निगेटिव्ह मात्र घर बदलताना हमखास रद्दीत जातात. खरे तर उलट व्हायला हवे. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीत जे दिसत नाही ते त्या निगेटिव्हमध्ये असते: आजीच्या पैठणीचे काठ, मांडवातल्या मागच्या रांगेतले चेहरे. पाकीट उघडल्यावर शिरक्यासारखा आंबट वास आला तर फिल्म खराब होऊ लागली आहे असे समजून लगेच स्कॅन करून घ्यावी.

५०० मालिकेचे उत्पादन २०१३ मध्ये थांबले. कंपनी आता डिजिटल कॅमेरे करते. २०१७ मध्ये एका चिनी ड्रोन कंपनीने तिच्यात बहुमताचा वाटा घेतल्याच्या बातम्या आल्या. ज्या गावाने अडीचशे वर्षांपूर्वी चीनला जहाजे धाडली, त्याला हे फार नवल वाटू नये. तरी जुने मालक वाऱ्यावर सुटलेले नाहीत. २०१९ मध्ये निघालेला डिजिटल डबा १९५७ नंतरच्या बहुतेक ५०० मालिकेच्या कॅमेऱ्यांना मागे बसतो. फिल्मवाले मात्र फिल्मच घालतात.

असा कॅमेरा घेऊन गोथेनबर्गला जायचे तर मे ते सप्टेंबर हा काळ बरा. जूनअखेरीस सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि तिरपा, सोनेरी प्रकाश तासन्तास रेंगाळतो. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसहा तासांचा. फिल्म हातसामानात ठेवावी. विमानतळावरील नव्या सीटी तपासणी यंत्रांनी ती धूसर होते, म्हणून हाताने तपासण्याची विनंती करावी. पोसायडनसमोर एक, कालव्यावर दोन, चर्चसारख्या दिसणाऱ्या १८७४ च्या मासळीबाजारासमोर एक असा हिशेब ठेवला तरी दुपारपर्यंत रोल संपतोच. मग लाकडी घरांच्या हागा भागात एखाद्या कॉफीच्या दुकानात बसायचे. तेथे ताटाएवढा दालचिनीचा बन मिळतो. तो येईपर्यंत हँडल शेवटपर्यंत फिरवायचे, डबा उघडायचा, गुंडाळलेला रोल सैल होऊ न देता बाहेर काढायचा आणि त्याच्या टोकाची कागदी पट्टी टपालाच्या तिकिटासारखी जिभेने ओली करून चिकटवून टाकायची.