फलाटावरचा वारा

माझे माहेर पुण्याचे आणि सासर नागपूरचे. तेव्हा मे महिन्यातली दुपार आणि नागपूरचा फलाट यांची गाठ लग्नगाठीबरोबरच पडली म्हणायची. स्टेशनची इमारत मोठी देखणी! १९२५ साली उघडलेली, दगडी आणि भारदस्त. तिच्या जाड भिंतींतून उन्हाला आत शिरायला वेळ लागतो. पण आगगाडी काही त्या भिंतींआड येत नाही. ती येते पत्र्याखाली. आणि उतारूंनाही तिथेच बसावे लागते.

परवाच्या मेमध्ये सासूबाईंना घेऊन निघाले होते. वय त्र्याऐंशी. गाडी दोन तास उशिरा. डोक्यावर पंखा गरगरत होता, पण वारा कसला, भट्टीची फुंकर ती! बोलक्या सासूबाई एकाएकी गप्प झाल्या. हात लावून पाहिला तर अंग कोरडे आणि तापलेले. माझ्या पोटात धस्स झाले. एका हमालाने धावत पाणी आणले, पंचा भिजवून त्यांच्या मानेवर, हातापायांवर फिरवला. मग त्याच पंख्याचा वारा गार लागू लागला. अर्ध्या तासाने सासूबाई म्हणाल्या, "अगं, डबा कुठे ठेवलास?" आणि माझा जीव भांड्यात पडला.

पंखा हवा गार करीत नाही. तो घाम वाळवतो, आणि वाळणारा घाम अंगातली उष्णता घेऊन जातो. पंचेचाळीस अंशांच्या हवेत म्हाताऱ्या माणसाला घामच येईना, तर कोरडा वारा उलट भाजून काढतो. म्हणून विदर्भात वाळ्याचे पडदे, आणि पुढे कूलर. मुंबईच्या दमट हवेत मात्र त्यांचा उपयोग नाही. तिथे नुसता वाराच हवा. तिथल्या काही स्टेशनांवर आता अजस्र पात्यांचे, संथ फिरणारे पंखे लागले आहेत. असा एकच पंखा मोठा परिसर हलता ठेवतो.

कुणी म्हणेल, सरळ वातानुकूलन करा. दोन्ही बाजूंनी उघडा फलाट थंड करायचा म्हणजे अख्खा विदर्भच थंड करायचा! त्यापेक्षा माणूस थंड करावा. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॅट खातो. नव्या तऱ्हेचा तेवढाच वारा तिसाच्या आसपास देतो. उरलेल्या विजेत पाण्याचे तुषार उडवता येतील.

पण मला विचाराल तर आधी तो पत्रा वरून पांढरा करावा. तापलेला पत्रा खालच्या डोक्यांवर दिवसभर आग ओकत असतो. आमच्या गच्चीला दर चैत्रात चुना लागतो. चुना मी लावते. यजमान शिडी धरतात आणि सूचना देतात.