भिंतीलगतचा पहिला सेल

प्रवाहाचं गणित करणाऱ्याचा बराचसा वेळ भिंतीत जातो. खोलीच्या मधोमध हवा कशी वाहील, हे समीकरणं फारशी कुरकुर न करता सांगतात. कस लागतो तो हवा जिथे अडते तिथे.

रिद्धपूरच्या आमच्या घरातली मे महिन्यातली खोली घ्या. खिडकीला कूलर, ताट्या ओल्याचिंब, समोर लोखंडी कपाट, कोपऱ्यात धान्याची कोठी. कपाट आणि कोठी वगळून उरलेल्या हवेपुरतीच मेश, म्हणजे छोट्या छोट्या सेलची जाळी, करायची, हा एक मार्ग. पण वस्तू वाकड्यातिकड्या असल्या की ते काम जिवावर येतं. दुसरा मार्ग सुहास पाटणकरांच्या १९८० सालच्या पुस्तकात आहे. सगळ्या खोलीवर सरसकट एकच मेश टाकायची आणि कपाटाच्या जागेतले सेलही हवेचेच धरायचे. फक्त त्यांची व्हिस्कॉसिटी एवढी अफाट द्यायची, एकावर तीस शून्यं म्हणा ना, की तिथे काही हलायलाच नको. समीकरण तेच, भिंतीसाठी वेगळा कायदा नाही.

पाटणकर मूळचे पुण्याचे. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६२ साली पदवी, मग मुंबईची आयआयटी, पुढे लंडनचं इंपीरियल कॉलेज. ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासोबत १९७२ साली त्यांनी ‘सिंपल’ ही रीत मांडली. दाब अंदाजाने धरायचा, त्यावरून वेग काढायचे, प्रत्येक सेलमध्ये आलेली आणि गेलेली हवा जुळते का ते पाहायचं. नाही जुळली तर दाब दुरुस्त करून पुन्हा तेच. किराणा दुकानातली रोजची रोकड जुळवावी, तसं.

मला भुरळ पडते ती सीमेवरच्या हिशेबाची. हवेचा सेल आणि कपाटाचा सेल यांच्या सामाईक बाजूवर व्हिस्कॉसिटी किती धरायची? साधी सरासरी काढली तर तीस शून्यांचा आकडा हवेलाही थिजवून टाकतो. पाटणकर तिथे हरात्मक मध्य घ्यायला सांगतात. तो काढला की अफाट आकडा गळून पडतो आणि हवेच्या व्हिस्कॉसिटीची बरोबर दुप्पट उरते. दुप्पटच का? सेलच्या मध्यापासून भिंत अर्ध्या सेलवर असते. अंतर निम्मं, म्हणून घर्षण दुप्पट. भिंतीने हवेला किती धरून ठेवायचं, ते एका मध्यात चोख बसतं.

भिंती अशा पक्क्या बसल्या की प्रश्न उरतो वाटेचा. कूलर हवा आत ढकलतोय आणि बाहेर जायला फट नाही, असं मेशला सांगितलं तर ‘सिंपल’ कितीही वेळा फिरवा, हिशेब जुळत नाही. आईला ते समीकरणांवाचून ठाऊक होतं: “खिडकी उघड नं बापू, हवा जाईन कुठून?”

म्हणून कुणी अशा गणितातून काढलेली प्रवाहाची रंगीत चित्रं घेऊन आलं की मी आधी विचारतो, हवा बाहेर कुठून जाते. आणि मग भिंतीलगतच्या पहिल्या सेलमधला वेग बघतो. हे दोन्ही पटलं, तरच रंगांकडे वळायचं.