पाच दिवसांची ट्रिप, त्यात चार दिवस

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज शनिवार, घरात कोणी नाही, चहा झालाय, म्हणून बसलेच. निमित्त ऑफिसमधलं. टीममधल्या एका मैत्रिणीची मुलगी अकरा वर्षांची आहे. त्यांची राजस्थानची ट्रिप ठरतेय. जेवताना तिने हळूच विचारलं, "अगं, मध्येच सुरू झालं तर तुम्ही काय करता?" म्हटलं, मेल करते. मेल लिहायला घेतला तर तो संपेचना. शेवटी तो इथेच टाकतेय.

आधी शब्दांचंच बघा. कावळा शिवला, बाहेरची आहे, बाजूला बसलीय, अडचण आहे, आणि आमच्या कॉलेजात 'प्रॉब्लेम आलाय'. एका साध्या गोष्टीसाठी एवढे सांकेतिक शब्द आमच्या प्रॉजेक्टमध्येही नाहीत! आमच्या घरात आम्ही सरळ पाळी म्हणतो. लेकीला ते पहिल्यापासून ऐकून माहीत आहे, त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुमारास तिची सुरू झाली तेव्हा फार काही नाट्य घडलं नाही. तिने बाथरूममधून हाक मारली, मी पॅड दिला, आणि तिने विचारलं, "आता हे किती वर्षं?" मी आकडा सांगितल्यावर मात्र तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता :)

तर ट्रिप. गेल्या मे महिन्यात आम्ही मालवणला गेलो. आम्ही तिघं, सासूबाई, दीर-जाऊ आणि त्यांचे दोन मुलगे. पाच दिवस. तिसऱ्या दिवशी कुलदेवीचं दर्शन आणि ओटी, बाकी वेळ समुद्र, मासे, आंबे. बुकिंग जानेवारीतच केलेलं.

आता तारखेचा प्रश्न. लेकीच्या फोनमध्ये एक अॅप आहे. ते अगदी ठणकावून सांगत होतं की पाळी ट्रिपच्या आठवडाभर आधी येणार. पण तिच्या आतापर्यंतच्या पाळ्यांमधलं अंतर होतं २६ दिवस, ४१ दिवस, ३३ दिवस. एवढ्याशा डेटावर कोणी तारीख देतं का? (देतात. पण तो वेगळा लेख.) डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुरुवातीची दोन-तीन वर्षं हे असंच चालतं. दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, मेंदू आणि बीजकोष यांचा ताळमेळ बसायला वेळ लागतो. या वयात २१ ते ४५ दिवसांमधलं कुठलंही अंतर नॉर्मल धरतात. म्हणजे तारीख बघून ट्रिप ठरवण्यात अर्थ नाही. तयारी कायमचीच हवी.

निघायच्या आठवडाभर आधी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिला गोळी देऊन टाक. देवीला जायचंय."

माझ्या ओळखीच्या निम्म्या बायकांनी लग्न, सत्यनारायण, गणपती यांच्यासाठी कधी ना कधी ही गोळी घेतलेली आहे. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय सहज मिळतेही. त्यामुळे ती आवळासुपारीसारखी वाटते. पण ते नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन आहे. पाळी अपेक्षित असेल त्याच्या साधारण तीन दिवस आधीपासून, बहुतेक वेळा दिवसातून तीनदा घ्यायचं. थांबवलं की दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्तात गुठळ्या व्हायची प्रवृत्ती असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टर ते देत नाहीत. आणि मुळात तारीखच माहीत नसेल तर 'तीन दिवस आधी' मोजायचं कुठून? मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उलट विचारलं, "कशासाठी? परीक्षा आहे? स्पर्धा आहे?" म्हटलं, देवदर्शन आहे. त्या म्हणाल्या, "मग मी तरी देणार नाही. बारा वर्षांची आहे, सायकल अजून बसायचीय."

मी सासूबाईंना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं होतं की आता सोवळं-ओवळं यावर बोलणं होणार. पण त्या वेगळंच बोलल्या. १९६८ साली त्या पंधरा वर्षांच्या होत्या. धाकट्या भावाची मुंज होती. महिनाभर लाडू वळले, रुखवताला हात लावला, नवीन परकर-पोलकं शिवलं. आणि मुंजीच्या आदल्या रात्री पाळी आली. मुंज अंगणात, आणि त्या मागच्या पडवीत घोंगडीवर. पंक्ती उठल्यावर ताट आलं, ते लांबून सरकवलेलं. "माझ्या भावाला भिक्षावळीत मी काहीच घालू शकले नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा गोळी असती तर मी दोन घेतल्या असत्या. पोरगी मागे राहू नये म्हणून म्हणते गं मी."

मी गप्पच बसले. मला जी गोळी म्हणजे मुलीवर लादलेली गोष्ट वाटत होती, ती त्यांच्या दृष्टीने पडवीतून बाहेर यायचं दार होती. नात ओवळी होईल ही त्यांची भीती नव्हतीच. नात एकटी बसेल ही होती.

आणि मग मला त्या जुन्या पद्धतीतली एक मोठी गंमत लक्षात आली. बोलायची चोरी, शब्द सगळे सांकेतिक, पण ती मुलगी बसलेली मात्र सगळ्या मुंजीला दिसेल अशी! पाहुण्यांना, आचाऱ्याला, शेजारच्या पोरांना, सगळ्यांना कळणार आज कोण बाहेरची. म्हणजे गोष्ट लाजेची, पण खाजगी अजिबात नाही. आम्हाला ट्रिपमध्ये नेमकं उलटं जमवायचं होतं. लाज नको, पण खाजगीपणा हवा.

म्हणून लेकीला विचारलं, "ट्रिपमध्ये आली, तर कोणाकोणाला कळलेलं चालेल?" तिने दोन मिनिटं विचार केला. "तुला, बाबाला, आजीला. काकूला कळलं तरी चालेल. काका आणि दादा लोकांना नको." का नको, हे मी विचारलं नाही. तिची गोष्ट, तिची यादी.

मग एक पाऊच भरला. चार-पाच पॅड, त्यातले दोन रात्रीचे मोठे. दोन निकर्स, एक गडद रंगाची लेगिंग. जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे, झिपच्या पिशव्या, कागदी साबण, टिश्यू. बाकीचा स्टॉक, रबराची गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी मोठ्या बॅगेत. पाऊच मात्र तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, कारण गाडीतल्या सामानाच्या तळाशी गेलेली वस्तू ऐन वेळी मागायची म्हणजे सगळ्यांसमोर डिकी उपसायची.

आणि अर्थातच, आली. अॅपच्या तारखेला नाही, तर ट्रिपच्या पहिल्याच दिवशी, कोल्हापूरच्या अलीकडे. तिने मागून मला मेसेज केला, 'आली'. मी पुढे नवऱ्याकडे बघितलं. तो लगेच म्हणाला, "मला चहा पाहिजे." गाडी थांबली. त्या दिवशी साहेबांनी दर तीन तासांनी चहा प्यायला. आमचा नियमच तो होता: थांबायचं ते सगळ्यांसाठी, कारण न सांगता. पॅड चार ते सहा तासांनी बदलावा म्हणतात, पण प्रवासात मिळेल तिथे बदललेला बरा. विशेषतः पुढे राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट असेल तर. त्या रस्त्याला झाडी सुंदर आहे, पण झाडी म्हणजे टॉयलेट नव्हे.

टॉयलेटबद्दल काय बोलावं? एके ठिकाणी कडी नाही, मी दार धरून बाहेर उभी. एके ठिकाणी कुलूप, किल्ली आतल्या माणसाकडे आणि तो माणूस जेवायला. कचऱ्याची बादली जवळपास कुठेच नाही. म्हणून तर कागद आणि झिपची पिशवी. वापरलेला पॅड गुंडाळायचा, पिशवीत बंद करायचा, बादली मिळेपर्यंत बरोबर ठेवायचा. फ्लश करायचा नाही, तो फुगून पाइप तुंबतो. बारा वर्षांची मुलगी हे सगळं विनातक्रार शिकते, आणि आपण हायवेवर एक बादली ठेवू शकत नाही!

संध्याकाळी पोट दुखायला लागलं. याचं कारण ऐकून लेकीला बरं वाटलं, म्हणून सांगते. प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात, त्यामुळे कळा येतात. तीच आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून काही जणींना जुलाबही होतात. "म्हणजे माझ्या डोक्यात नाहीये हे," ती म्हणाली. नाही बाळा, अजिबात नाही. शेकायची पिशवी, पोटात थोडा भात, मग गोळी. पण दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, सात दिवसांच्या वर चालत असेल किंवा दुखण्याने शाळा बुडत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. डॉक्टर गाठा.

दुसऱ्या दिवशी तारकर्ली. पाणी एवढं स्वच्छ, आणि भाऊ पाण्यात. इथे खरी परीक्षा होती. पॅड पाण्यात निरुपयोगी, तो समुद्रच शोषून घेतो. पाण्यात पाळी थांबते असं म्हणतात, तेही खरं नाही. पाण्याच्या दाबाने प्रवाह कमी जाणवतो इतकंच, बाहेर आलं की पुन्हा आहेच. टॅम्पॉन चालतो, पण चार ते आठ तासांत बदलावाच लागतो. सिलिकॉनचा कप बारा तासांपर्यंत चालतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, मी स्वतः तोच वापरते. दोन्ही या वयात वापरता येतात. पण ते शिकायचं तर घरी, निवांत, स्वतःला वाटेल तेव्हा. होमस्टेच्या बाथरूममध्ये, बाहेर भाऊ "चल ना लवकर" म्हणून ओरडत असताना नाही. लेकीला कप नको होता, विषय संपला. त्या दिवशी ती टोपी घालून गुडघाभर पाण्यात फिरली आणि मग पुस्तक घेऊन सुरूच्या सावलीत बसली. भावांना "आज मूड नाही" एवढंच म्हणाली. चौथ्या दिवशी प्रवाह अगदी कमी झाल्यावर काळी स्विमिंग शॉर्ट्स घालून वीस मिनिटं मनसोक्त डुंबली. मी टॉवेल घेऊन काठावर. बाहेर, आंघोळ, नवीन पॅड. झालं.

मधला तिसरा दिवस देवीचा. आदल्या रात्री मी तिला सांगितलं, "आजीला वाटतं या दिवसांत गाभाऱ्याकडे जाऊ नये. मला यात काही वावगं वाटत नाही. तू ठरव. जे ठरवशील ते मी आजीला सांगेन." सासूबाई तिथेच अंथरूण घालत होत्या, त्यांना ऐकू जात होतं. लेक म्हणाली, "मी येते, पण रांगेत नाही उभी राहणार. पाय दुखतात. बाहेर बसेन." आता हे आजीसाठी होतं की पायांसाठी, ते मला आजही माहीत नाही. सकाळी ती देवळाबाहेरच्या पारावर बसली. ओटी भरून सगळ्यांच्या आधी सासूबाई बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या. प्रसादाचा नारळ त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला, वरून टाकला नाही. मग दोघी तिथेच खोबरं खात बसल्या. आम्ही बाहेर येईपर्यंत मुंजीची गोष्ट सांगून झाली होती.

होमस्टेच्या मावशींकडे मी पहिल्याच दिवशी झाकणाची बादली मागितली होती. त्यांनी काही न विचारता आणून दिली. पण घंटागाडी तिकडे रोज येत नाही आणि कचरा मागे जाळतात असं कळलं. पॅडमध्ये प्लास्टिक असतं, ते परसात जळावं असं वाटेना. म्हणून सगळं नीट बांधून गाडीतून पुण्याला परत आणलं. घनकचरा नियमांत असा कचरा वेगळा गुंडाळून द्यावा असं आहेच. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताईंनी त्यावर लाल ठिपका काढून द्या असं सांगितलंय, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही. लेकीने स्केचपेनने ठिपका काढला. पाच सेकंदांचं काम आहे, तुम्हीही करा.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. शरीराच्या गरजा फार थोड्या आहेत: एक पाऊच, तीन तासांनी एक थांबा, एक बादली, थोडा शेक. मुलीला आधी विचार, कोणाला सांगायचं. आणि नवऱ्याला चहाची सवय लाव :)

परत आल्यावर पाऊच रिकामा करून पुन्हा भरला. आता तो कायमचा डिकीत, स्टेपनीच्या शेजारी असतो. दादा लोकांना अजून माहीत नाही तो कशाचा आहे. यादी तिची, ती बदलेल तेव्हा बदलेल.

असो. भाजी आणायची राहिलीय.