श्रीनगर ते लेह, सरळ रेषेत

सैन्यातल्या भावाची श्रीनगरहून लेहला बदली झाली. तो विमानाने जाणार म्हटल्यावर आईने विचारलं, “किती वेळ लागंल गं?”

लासलगावात लांबचं गाव तासांत मोजतात. कांद्याचा ट्रक दिल्लीला कधी लागेल, हे बाजार समितीच्या आवारात कुणीही सांगतं. विमानाचं मला काहीच ठाऊक नव्हतं आणि शोधू लागले तर आकडे एकमेकांशी जुळेनात. रस्त्याने सुमारे 420 किलोमीटर, हवेतून 256. विमानाचा वेग ताशी 800 धरला तर वीस मिनिटंही होत नाहीत. तिकिटावर मात्र जवळजवळ तास!

आधी अंतराच्या मागे लागले. दोन्ही गावं 34 अक्षांशाच्या आसपास, म्हणजे फरक रेखांशांचाच, पावणेतीन अंशांचा. शाळेत एका अंशाचे 111 किलोमीटर शिकवले होते. तसे 300 च्या वर जातात. पण 111 हा विषुववृत्तावरचा आकडा. कांद्यावरच्या उभ्या रेषा पोटाशी दूर असतात आणि मानेशी एकत्र येतात, तसे रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात. लासलगावच्या अक्षांशावर एका अंशाचे साधारण 104 किलोमीटर उरतात, लेहला 92. गुणाकार करून पाहिला. उत्तर 256 च्या अगदी जवळ आलं, तेव्हा फार आनंद झाला.

वेळेचं कोडं जास्त अवघड. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते लेहला उभं राहीपर्यंतची असते. एवढ्या थोड्या अंतरात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते, पूर्ण वेग मिळतो तो थोडाच वेळ. शिवाय लेहचा विमानतळ सव्वातीन हजार मीटर उंचीवर, चहूकडे डोंगर. विमानाला सिंधूच्या खोऱ्यातून वाट काढत खाली यावं लागतं. दुपारी वारे सुटतात, तापलेली विरळ हवा पंखांना पुरेसं उचलत नाही, म्हणून प्रवासी विमानं बहुतेक सकाळीच येतात-जातात.

24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहला पहिलं विमान उतरवलं. डाकोटा होतं ते. आत हवेचा दाब राखण्याची सोय नाही. खाली सोनम नोर्बू यांनी स्थानिकांच्या मदतीने तयार केलेली धावपट्टी. हे वाचल्यावर तिकिटावरचा तासभर मला मुळीच जास्त वाटेना. हिवाळ्यात रस्त्यावरची जोजी ला खिंड बर्फाने बंद झाली की लडाखच्या माणसांना विमानांचाच आधार.

आईला सांगितलं, “तासभर लागेल, पण हवा बिघडली तर विमान सुटणारच नाही.” तिचं पुढचं तयारच होतं, “मग आपण कधी जायचं?”

पुन्हा हिशेबाला बसले. आमच्या जवळच्या ओझर विमानतळाहून लेह सरळ रेषेत सुमारे 1600 किलोमीटर. ओझर ते दिल्ली 990 आणि दिल्ली ते लेह 620 यांची बेरीज त्याहून जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरच जास्त. दिल्ली जवळजवळ त्या रेषेवरच आहे! लेहचं विमान सकाळचं, त्यामुळे एक रात्र दिल्लीत काढावी लागेल. आणि पोचल्यावर पहिले दोन दिवस आईने नुसतं पडून राहायचं, असं भावाने आत्ताच बजावलंय.